उंबऱ्यावरचा गूळ

खूप खूप वर्षांमागची गोष्ट आहे ही. समुद्राकाठी एक गाव होतं आणि त्या गावात घर विकायची एक न्यारी रीत होती. सौदा ठरला की विकणारा उंबऱ्याच्या आत बसायचा, घेणारा बाहेर. मधे गुळाचा खडा. विकणाऱ्यानं आपल्या घराचं एक व्यंग मोठ्यानं सांगायचं, घेणाऱ्यानं स्वतःचं एक. मग दोघांनी तो गूळ वाटून खायचा आणि किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जायची.

रीत चांगलीच होती. पण माणसाला पळवाट सापडल्याशिवाय घास गोड लागत नाही. हळूहळू लोक उंबऱ्यावर बसून सांगू लागले, "दार जरा करकरतं हो." घेणारा म्हणायचा, "मी झोपेत घोरतो." झालं! वाळवी लागलेले खांब तसेच उभे राहायचे आणि गूळ मात्र पोटात जायचा.

त्या गावाच्या टोकाला, खाडीला लागून, एका म्हाताऱ्याचं घर होतं. हाकेच्या अंतरावर दुसरं घर नव्हतं, आणि त्याला कारण होतं. अमावास्या-पौर्णिमेला मोठं उधाण आलं की खाडीचं पाणी अंगण ओलांडून थेट मागच्या खोलीत शिरायचं. म्हातारा जन्मभर उधाणाच्या आदल्या दिवशी धान्य आणि अंथरूण शिडीवरून माळ्यावर चढवत आला होता. आता त्याची कंबर नाही म्हणत होती.

पलीकडच्या तीरावर त्याची लेक राहायची. ती म्हणायची, "बाबा, घर विका आणि इकडे या. शिडीवरून पडलात तर पाणी ओसरेपर्यंत कुणाला कळायचंही नाही." म्हाताऱ्याला ते पटत होतं. पण बुडतं घर घेणार कोण? गावातली शेंबडी पोरंसुद्धा त्या घराचं पाणी ओळखून होती.

शेवटी तो दलालाकडे गेला. दलालाच्या जिभेवर कायम साखर असायची.

"अहो, एवढंच ना?" दलाल म्हणाला. "घर अष्टमीला दाखवायचं. अष्टमीला भरती लहान, पाणी लांबच राहतं. अंगण कसं कोरडं ठणठणीत! आणि गिऱ्हाईक आणतो घाटावरचं. त्याला उधाण कशाशी खातात ते ठाऊक नसतं."

"आणि उंबऱ्यावर काय सांगू?"

"फणस धरत नाही म्हणून सांगा."

दारातला फणस खरंच धरत नव्हता. लहानशा खऱ्याच्या आड मोठं खोटं किती आरामात बसतं, पाहा.

अष्टमीला दलाल एका कुंभाराला घेऊन आला. कुंभार भला माणूस होता. त्यानं भिंतीवरून हात फिरवला, फणसाखालचा उंचवटा पाहिला, आणि मागच्या खोलीत शिरताच त्याचा चेहरा उजळला.

"लई गार हाय की हो हितं! कच्ची मडकी उन्हात तडकत्यात बघा. सगळी हितंच भुईवर मांडून ठेवीन."

"मांडा, मांडा," दलाल म्हणाला. "खोली जणू तुमच्यासाठीच बांधलीय."

कच्च्या मडक्याला पाणी लागलं की त्याचा चिखल होतो, हे काय म्हाताऱ्याला कुणी सांगायला हवं होतं? पण त्यानं मान डोलावली आणि सौदा ठरला.

त्या संध्याकाळी तो भाकरी खायला बसला. तेवढ्यात जोत्याच्या बिळातून एक खेकडा बाहेर आला. घरात पाणी येतं म्हणूनच तर तो तिथं बिऱ्हाड करून होता.

"काय आजोबा, मलाही विकलंत वाटतं?" खेकड्यानं विचारलं. "गिऱ्हाइकाला माझ्याबद्दल सांगितलंत का?"

"गप रे! तू आधीच वाकडा."

"आम्ही चालतो वाकडे, पण लपत नाही. पौर्णिमेला पाण्याबरोबर मी खोलीत जाणारच. तुम्ही पलीकडच्या तीरावर असाल. कुंभाराच्या चिखलात मी एकटाच!" एवढं बोलून तो तिरका तिरका निघून गेला. म्हाताऱ्याला वाईट वाटलं ते याचं, की खेकडा खरं बोलला होता.

किल्ली द्यायचा दिवस आला. म्हातारा आत बसला, कुंभार बाहेर. मधे गूळ. दलाल म्हाताऱ्याच्या कानाशी पुटपुटला, "फणस, फणस."

म्हाताऱ्यानं कुंभाराकडे पाहिलं. त्याचे हात मातीनं भेगाळलेले होते. घर विकलं नाही तर पुन्हा ती शिडी, पुन्हा ती कंबर. आणि विकलं तर या हातांनी घडवलेल्याचा चिखल. त्यानं डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं,

"माझ्या घराचं व्यंग पाणी आहे. उधाणाला ते मागच्या खोलीत येतं. तुला मुद्दाम अष्टमीला घर दाखवलं. भुईवर मडकं ठेवलंस तर एक राहणार नाही, बाबा."

दलालानं कपाळाला हात लावला. म्हाताऱ्याला वाटलं, कुंभार आता उठेल, धोतर झटकेल आणि चालू लागेल. पण एवढं असूनही त्याची छाती कितीतरी दिवसांनी हलकी झाली होती.

कुंभार उठला नाही. खाली मान घालून म्हणाला, "आजोबा, म्यां बी 'मी घोरतो' असंच सांगणार हुतो. खरं व्यंग निराळं हाय. माझ्या भट्टीचा धूर लोकांच्या घरात जातो. दोन गावांनी मला उठवलं. हितं बी उठवतील ह्याची धास्ती हाय." मग त्यानं चौफेर पाहिलं. "पर हितं शेजारच कसा न्हाई?"

"या पाण्यामुळंच. कोण राहणार इथं?"

कुंभार खो खो हसू लागला. "मंग मला ह्येच घर पायजे! ज्याच्या दारात भट्टी, त्याला विटांची काय वाण? कंबरेइतका ओटा बांधतो, मडकी राहतील वर. तुमी सांगितलंत म्हणून ओटा, न्हाईतर चिखल!"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "मग धुराचंही ऐक. दिवसा खारा वारा गावाकडे वाहतो, पण पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. फणसाच्या उंचवट्यावर भट्टी कर आणि पहाटे पेटव. धूर जाईल समुद्रावर. मासे काही खोकत नाहीत."

घराची किंमत थोडी उतरली आणि दलालाचं तोंड त्याहून जास्त उतरलं. पण गूळ गोड लागला.

पुढच्या पौर्णिमेला पहाटे म्हातारा लेकीच्या घरी दचकून जागा झाला. "उधाण! मडकी!" म्हणून तो ओटीवर धावला. पलीकडे त्याच्या जुन्या घराभोवती पाणी चमचमत होतं, उंचवट्यावर भट्टी पेटली होती आणि धूर शहाण्यासारखा समुद्राकडे चालला होता. म्हातारा हसला, परत येऊन आडवा झाला आणि ऊन अंगावर येईपर्यंत गाढ झोपला.

ही हकिकत गावभर झाली. तेव्हापासून कुणी उंबऱ्यावर बसून करकरत्या दाराचं नाव काढलं, की लोक म्हणत, "ते राहू दे. पाणी कुठं येतं ते सांग."

तेव्हा लहानथोरांनो, एवढं गाठीला बांधा: व्यंग झाकून विकलेलं घर दुसऱ्याचं होतं, पण त्याचा घोर मात्र आपल्याच उशाशी राहतो.