हेव्याचं अंडं

त्या गडग्यावर बसू नका. फोटो काढा हवे तेवढे, पण बसू नका. दगड नुसते एकावर एक रचलेले आहेत, चुनामाती काही नाही, आणि एक निसटला तर तो परत रचायचं काम मलाच करावं लागतं. मी इथला गुरव. देवळाची पूजा माझ्याकडे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ही गोष्ट सांगायचं कामही माझ्याकडेच. आमच्या वाडीत दोन घरांच्या मधला हा एकच गडगा, आणि तोही अर्धा. शेताच्या बाजूला बघा, चिरेबंदी कुंपणं आहेत, गुरांना शिरायला वाव नाही. पण घराघरांत नाही. हा एक कोणीतरी घालायला घेतला, छातीपर्यंत आणला, आणि विहिरीच्या बाजूला माणूस जाईल एवढी जागा मोकळी सोडून हात आखडला. पाहुणे विचारतात, पैसे संपले का? तसं नाही. हा गडगा एका अंड्यापायी अर्धा राहिला.

फार जुनी गोष्ट. या जागी दोन भावांची घरं होती. थोरल्याची बायको द्वारकी, धाकट्याची आवडी. भावाभावांत भांडण नव्हतं, ते दोघे एका चिलमीवर तासभर गप्प बसत. जावांचं मात्र विळ्याभोपळ्याचं नातं, आणि ते भोपळ्यावरूनच जगजाहीर झालं. द्वारकीने लाल भोपळ्याची बी लावली, पाणी घातलं, शेण घातलं. वेल सरळ आवडीच्या अंगणात गेला आणि तिकडे फळला. आवडीने काही केलं नव्हतं. तिचं हे असंच होतं म्हणे. एकाच विहिरीचं पाणी, एकाच खळ्यातलं भात, पण आवडीच्या भाकरीला पापुद्रा सुटायचा, आवडीची गाय वेळेवर गाभण राहायची, आवडीच्या कोंबडीखालच्या अंड्यांतलं एकही वाया जायचं नाही. द्वारकी तिच्या दुप्पट राबायची आणि तिच्या कोंबड्या चार दिवस अंड्यांवर बसून उठून जायच्या. बाया म्हणायच्या, आवडीला हातगुण आहे. हे ऐकलं की द्वारकीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती वाईट बाई नव्हती. पण हेवा वाटायला माणूस वाईट असावं लागतं असं कुठे आहे?

भोपळ्यानंतर तिने नवऱ्याच्या मागे लकडा लावला, मध्ये गडगा घाला. मला तिचं अंगणच दिसायला नको. तो बिचारा कामाला लागला. ती दगड उचलून द्यायची, तो रचायचा.

त्याच साली कोंबड्यांत मर आली. आज मान टाकली, उद्या पाय वर, असं करत साऱ्या वाडीतली खुराडी ओस पडली. द्वारकीची एक काळी कोंबडी होती, तिच्या हातून दाणे खाणारी, मागे मागे फिरणारी. मरायच्या आदल्या दिवशी तिने एक अंडं दिलं. द्वारकीने ते भाताच्या तुसात जपून ठेवलं.

वाडीत एकच कोंबडी वाचली. कोणाची ते ओळखलंच असेल तुम्ही. आवडीची कोंबडी तेव्हा खुडूक झाली होती. म्हणजे अंडी द्यायचं बंद करून अंगातली ऊब घेऊन बसलेली, खाली काही नसलं तरी. ती लांब शेतातल्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, पेंढ्यात जाऊन बसली होती. आवडी तिला उठवायला वहाळाच्या गार पाण्यात बुडवून काढणार होती, आमच्याकडे खुडूक मोडायला तसं करतात, पण त्या दिवशी तिला सवड झाली नाही. म्हणून ती कोंबडी बाकीच्यांत मिसळली नाही आणि वाचली. सगळे म्हणाले, बघा आवडीचा हातगुण! द्वारकी म्हणाली, "ह्येला काय हातगुण म्हंतात? आळस म्हंतात."

पण प्रश्न साऱ्या वाडीचा होता. घराघरांत तुसात ठेवलेली एकदोन अंडी होती. ती शिळी व्हायच्या आत उबवली तर वाडीत पुन्हा कोंबडं आरवणार, नाहीतर नाही. बाया आपापलं अंडं घेऊन आवडीकडे गेल्या. कोणी कोळशाने फुली काढली, कोणी गोल, कोणी रेघ. आवडीने सगळी कोंबडीखाली सारली. एकटी द्वारकी गेली नाही.

तिला जायचं होतं. त्या काळ्या कोंबडीचं तेवढंच उरलं होतं. दोन वेळा ती अंडं पदराआड धरून गडग्यापर्यंत गेली आणि परत आली, असं सांगतात. तिच्या दारात जाऊन तिच्यापुढे हात पसरायचा, आणि पिल्लू निघालं की पुन्हा तिचाच हातगुण? चारपाच दिवस असे घुसमटण्यात गेले. मग एका सकाळी तिने ते अंडं मऊ फडक्यात गुंडाळून आपल्या पोटाशी बांधलं आणि नवऱ्याला सांगितलं, "मी उबवनार."

हसू नका. तो हसला होता, तर तिने त्याला दोन दिवस नुसती पेज दिली.

ती वाकेना, कांडेना, विहिरीवर जाईना. दगड उचलून देणं तर बंदच झालं, आणि गडग्याचं काम जिथे होतं तिथे थांबलं. कोंबडी चोचीने अंडं फिरवते तसं ती हळूच बोटाने ते फिरवायची. उन्हं तापली की सावलीत, गार वारं सुटलं की चुलीपाशी. नवरा चिलीम ओढता ओढता भावाला म्हणाला, "आमची खुडूक झालीय. आता वहाळात कोन बुडवील तिला?"

ही बातमी वाडीभर व्हायला वेळ लागला नाही. कोणी विस्तव मागायच्या निमित्ताने, कोणी विरजणाच्या, बाया द्वारकीकडे येऊ लागल्या. आवडीच्या मांगराकडे कोणी फिरकेना. कोंबडी अंड्यावर बसलेली सगळ्यांनी जन्मभर पाहिली होती, बाई बसलेली कोणी पाहिली नव्हती. आणि मग जन्मात पहिल्यांदा आवडीला जावेचा हेवा वाटला. इतके दिवस तिला वाटायचं, आपल्याला सगळं येतं. आता तिच्या ध्यानात आलं की आपण काहीच करत नाही, कोंबडी करते. ती गडग्याआडून बघायची. जाऊ डोळे मिटून, दोन्ही हात पोटावर धरून बसलेली. आवडीला रात्री झोप लागेना म्हणे. बरं झालं, मी म्हणतो. तिलाही कळू दे जरा.

कोंबडीखालच्या अंड्यांचे दिवस भरत आले. आवडी कानाला लावून बघायची, आतून टकटक ऐकू यायची. आणि नेमक्या त्या दिवशी, भर दुपारी, कोंबडी दाणापाणी करायला उठून वहाळावर गेली आणि मुंगसाने तिला धरलं. आवडीला पिसं तेवढी मिळाली.

अंडी गार व्हायला लागली. साऱ्या वाडीची अंडी, एकेकीच्या खुणेची. आवडीने टोपलीत पेंढा घालून ती त्यात ठेवली, वर घोंगडी टाकली आणि टोपली घेऊन धावत गडग्यापाशी आली. ती ही मोकळी जागा. आत मात्र तिचं पाऊल पडेना.

"जावबाय," ती म्हणाली, "मुंगसानं कोंबडी न्हेली."

द्वारकीला आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगू? जुनी माणसं ही गोष्ट सांगताना हे वाक्य गाळत नसत, म्हणून मीही गाळत नाही. तिच्या मनात आलं, गेला हातगुण मुंगसाच्या तोंडात. मग टोपलीतून एक बारीकसा आवाज आला.

"आन हिकडं," द्वारकी म्हणाली. "पन आदी एक बोल. कशाला आलीस माज्याकडं? दुसऱ्या बाया नायत वाडीत?"

आवडीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुमाला येतं, मला येत नाय," ती म्हणाली. "हेवा वाटतो मला तुमचा. रोज हितनं बघते."

द्वारकीने पोटावरचा एक हात काढून टोपलीकडे पुढे केला. मग म्हणाली, "मला तुजा लगीन होऊन आलीस तवापासनं वाटतोय. आन ती टोपली."

चुलीच्या उबेला टोपली ठेवून द्वारकी तिच्याभोवती अंगाचं वेटोळं करून पडली, वर गोधडी. आवडी निखारे सारत राहिली. एकेक अंडं तडकत गेलं. पिल्लं ओली बाहेर यायची, वाळून पिवळी व्हायची, आणि डोळे उघडून पहिली बघायची ती द्वारकी. झालं. पिल्लाला जी पहिली दिसते ती त्याची आई. आवडीने ओंजळीत घेतली की ओरडून जीव काढायची, द्वारकीच्या कुशीत सोडली की गप्प.

आता खरी अडचण इथे आली. पिल्लं चालायला लागली. त्यांना कण्या हव्यात, वारुळाची वाळवी उकरून द्यायला हवी, ऊन हवं. ती आवडीच्या मागे जाईनात. द्वारकीने उठायला हवं होतं. आणि द्वारकीच्या पोटाशी तिचं अंडं होतं, चारपाच दिवस मागे बांधलेलं, अजून तेवढेच दिवस ऊब मागणारं. वारूळ उकरणारी बाई अंडं सांभाळू शकत नाही. खरी कोंबडी अशा वेळी काय करते ते ठाऊक असेल तुम्हाला. चालती पिल्लं घेऊन निघून जाते, मागे राहिलेलं अंडं सोडून देते.

द्वारकीने फडकं सोडलं. अंडं हातावर घेऊन बघत बसली. पायाशी साऱ्या वाडीची पिल्लं चिवचिवत होती आणि हातात तिच्या काळीचं शेवटचं.

"द्या माज्याकडं," आवडी म्हणाली.

"तुज्याकडं?" द्वारकीचा आवाज चढला. "समदं तुज्याकडंच जायला होवं?"

"माजी समदी तुमच्याकडं हायत," आवडी म्हणाली. "मला ह्ये एक द्या. कसं बांदायचं त्ये दावा."

द्वारकीने बराच वेळ अंडं दिलं नाही. शेवटी तिने ते स्वतःच्या हाताने आवडीच्या पोटाशी बांधलं, गाठ दोनदा तपासली, आणि पिल्लांना घेऊन उन्हात गेली. वारूळ उकरताना तिने आवडीकडे पाठ केली होती, असं सांगतात. तिला जावेचं पोट बघवत नव्हतं.

आवडी बसली. वाकली नाही, कांडलं नाही. ठरल्या दिवशी पिल्लू निघालं. काळंभोर, थेट आईवर गेलेलं. त्याने डोळे उघडले आणि आवडीला पाहिलं.

तुम्हाला वाटेल, इथे दोघी गळ्यात गळा घालून रडल्या आणि हेवा संपला. छे! पिल्लं मोठी झाल्यावर घरोघर वाटली गेली, वाडी पुन्हा आरवायला लागली, आज इथे दिसतात त्या कोंबड्या त्यांच्याच वंशातल्या म्हणे. पण ती काळी जन्मभर आवडीच्या मागे फिरली. द्वारकीने दाणे टाकले की या वाटेने यायची, टिपायची, आणि परत जायची. द्वारकी जळायची. आणि इकडे संध्याकाळ झाली की वाडीतल्या निम्म्या कोंबड्या आपलं खुराडं सोडून द्वारकीच्या अंगणात घुटमळायच्या, ते बघून आवडी जळायची. नवऱ्याने एकदा उरलेले दगड रचायला घेतले तर द्वारकी अंगावर धावून गेली. "बुजवू नका! माजी काळी हितनं येते." गडगा अर्धा राहिला तो असा. लोक सांगतात प्रेमाने राहिला. मी म्हणतो हेव्याने राहिला, आणि हेव्याने राहिला म्हणून टिकला.

द्वारकी म्हातारी झाली, अंथरुणाला खिळली, अन्नपाणी सुटलं. कोणाला ओळखेना. तोवर ती काळी गेली होती, तिची नात होती, तशीच काळी. आवडी तिला काखेत घेऊन आली आणि द्वारकीच्या छातीवर ठेवली. कोंबडी थोडी बसली, उठली, आणि उतरून आवडीच्या पायाशी आली. द्वारकीने डोळे उघडले.

"बग," ती म्हणाली, "हीबी तुजीच."

"हेवा वाटतो, जावबाय?"

"वाटतो तर."

"मंग पेज आनते," आवडी म्हणाली. त्या दिवशी द्वारकी वाटीभर पेज प्यायली आणि पुढे दोन पावसाळे जगली, असं सांगतात.

आजही आमच्या वाडीत कोणाची कोंबडी खुडूक झाली की ती बाई आधी घरची अंडी मांडत नाही. जिचा सगळ्यात जास्त हेवा वाटतो तिच्या दारात जाते आणि चारचौघांत म्हणते, "तुजा हेवा वाटतो, येक अंडं दे." समोरचीने नाही म्हणायचं नसतं आणि हसायचंही नसतं. ते अंडं मधोमध ठेवतात, बाकीची भोवती. कशाचा हेवा वाटतो हे मात्र कोणी विचारत नाही. कोणाच्या सुनेवरून असेल, कोणाच्या केसांवरून असेल. ज्या बाईकडे अंडं मागायला कोणी आलं नाही, तिचं ते साल फुकट गेलं असं समजतात.

आता वरच्या अंगाने जाल तर पहिलं घर माझं. ओट्यावर आमची मंडळी तांदूळ निवडत बसलेली दिसेल. सकाळपासून तेच सूप आहे, त्यात निवडायला काही उरलेलं नाही. वाडीत दोघींच्या कोंबड्या खुडूक झाल्यात, आणि गेली तीन वर्षं तिच्या दारात कोणी आलेलं नाही. मी काल म्हणालो, मला वाटतो की तुझा हेवा. तर म्हणाली, "तुमची कोंबडी कुठं बसलीय?" जाताना तिच्याकडे पाणी मागा. आणि तुमच्यातल्या कोणा बाईला जमलं, तर घर किती छान ठेवलंय, एवढं तरी जरा जळून बोला.