आतली कडी

तात्यासाहेब सरंजाम्यांच्या दोन बायका गेल्या होत्या. तिसरी करायची म्हणून त्यांनी इंदूला मामांसकट आपल्या बंगल्यावरच बोलावून घेतलं. दिवाणखान्यात काचेच्या टाकीत त्यांचा तांबडा फायटर मासा एकटाच फिरत होता. वर भिंतीवर दोघींचे हार घातलेले फोटो होते.

"याच्याजवळ सोडलेला एकही मासा जगला नाही," तात्यासाहेब कौतुकाने म्हणाले. "याच्यासोबत टिकेल असा जोडीदार आणून दाखव, मागशील ते देतो. नाही जमलं, तर लग्न ठरलं."

इंदू उठली, मागच्या हौदातून एक गोगलगाय घेऊन आली आणि टाकीत सोडली. मासा कल्ले फुगवून धावला. गोगलगायीने अंग आत ओढलं, शंखाचं झाकण घट्ट लावून घेतलं. मासा टकरा मारून मारून दमला आणि कोपऱ्यात गेला.

तात्यासाहेबांचं हसू मावळलं. "ही कशी टिकली?"

"हिच्या दाराला कडी आतून आहे," इंदू फोटोंकडे बघत म्हणाली. "हौदाकडे जाताना या दोघींची खोली पाहिली. तिथली कडी फक्त बाहेरून आहे."

वारा नव्हता, तरी भिंतीवरचे हार हलले.

"मागेन ते देणार होतात ना? मग बंगल्याचं दार उघडा."