दुसरी नळी

माणसं पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायला लागली, तेव्हाची ही गोष्ट. पाण्याखालच्या एका प्रवाळाच्या सुळक्यात गोब्रा माशाची ऐसपैस कपार होती. एकदा पाण्याची ओढ फार वाढली आणि दमलेली म्हातारी कासवीण दाराशी आली.

“बाबा, जरा टेकू देतोस?”

“जागा माझ्यापुरतीच आहे, आजी.”

कासवीण बाहेरच खडकाला बिलगून राहिली. तेवढ्यात दोन पाणबुडे खाली आले. प्रत्येकाच्या टाकीला श्वास घ्यायच्या दोन-दोन नळ्या होत्या. गोब्रा हसला. “तोंड एक आणि नळ्या दोन! काय ही हाव!”

इतक्यात एकाची हवा संपली. त्याने गळ्यावरून आडवा हात फिरवताच दुसऱ्याने आपली जादा नळी त्याच्या तोंडात दिली. मग एकमेकांचा दंड धरून, एकाच टाकीतला श्वास घेत, बुडबुड्यांना पुढे जाऊ देत, दोघं सावकाश वर गेले.

गोब्रा आ वासून बघत राहिला. “म्हणजे ती दुसरी नळी...”

“स्वतःसाठी नसतेच रे ती,” कासवीण म्हणाली. बोलता बोलता ती ओढीने खडकावरून सरकत चालली होती.

गोब्रा अंग चोरून भिंतीला चिकटला.

“आत या, आजी. ही बाजू रिकामीच असते.”