देवाला पालखीतून उतरवणारा गोंदा भोई

फार वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या काळवंडी गावात गोंदा नावाचा भोई राहत होता. भैरोबाच्या पालखीचा पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर असायचा.

त्या काळी औषध मिळायचं ते घाटाखाली, जहागीरदारांच्या दवाखान्यात. मिळायचं फुकट, पण रोग्यानं स्वतः पायी यायचं, असा नियम. दम्याच्या म्हाताऱ्यांनी घाट उतरायचा, पुन्हा चढायचा आणि मग म्हणे औषध! नियम करणाऱ्याला जन्मात कधी धाप लागली नसावी.

गोंदाची चुलती चिमाई अशीच दम्यानं खंगलेली. त्यात गावाची एक खुळी रीत होती. जरा बरं वाटलं, की उरलेलं औषध भैरोबाच्या पायाशी वाहून टाकायचं. दुखणं देवानं घेतलं, असं समजायचं. चिमाईनंही तेच केलं आणि ऐन जत्रेच्या सकाळी तिचा श्वास कोंडला. घरात औषधाचा कण नव्हता.

पालखी चिमाईच्या दाराशी आली, तशी गोंदानं ती खाली टेकवली. "देवा, उतर. तुला चालता येतंय, चुलतीला न्हाई."

पुजारी अंगावर धावला. "अरे, पालखी बाटंल!"

"मग तुमी घ्या चुलतीला खांद्यावर!" गोंदा गरजला. पुजारी मागं सरला.

देवाला उतरवून, चिमाईला पालखीत बसवून भोई घाट उतरले. भैरोबा स्वतः पुढं चालत वाटेतले काटे बाजूला सारत होता, असं म्हणतात. दांडा खांद्याला टेकतच नव्हता, असंही म्हणतात.

दवाखान्याच्या दारात वैद्यांनी अडवलं, "ही पायी आलेली नाही."

"आलीय की! हे आमचे पाय तिचेच हायेत. औषध द्या, आन् कसं घ्यायचं तेबी सांगा."

वैद्य वरमले. "रोज घ्यायचं. बरं वाटलं तरी सोडायचं नाही."

"हे आधी का न्हाई सांगितलं?" संतापानं गोंदाचे डोळे भरून आले. "आमची किती म्हातारी माणसं गेली, वैद्यबुवा!"

चिमाई वाचली. परतताना गोंदा दारोदार ओरडत सुटला, "बरं वाटलं तरी औषध सोडू नका!" डोंगरानं तो आवाज पलीकडच्या वाड्यांपर्यंत पोचवला, असं म्हणतात.

आजही काळवंडीत जत्रेला देव लोकांच्या हातांवर जातो आणि पालखीत गावातलं आजारी म्हातारं माणूस बसतं. रोज आरतीआधी पुजारी विचारतो, "गोंदाची आण आहे, औषध कुणाचं आणायचं राहिलंय?" कुणाचं राहिलं असेल, तर ते त्याच्या घरी पोचेपर्यंत घंटा वाजत नाही. देव ताटकळतो. ताटकळू दे की! म्हाताऱ्यांनी काय कमी वाट पाहिली?