चौघांनी बांधलेली नाव

फार पूर्वी एका नदीकाठी नावा बांधायला शिकवणारी एक नामांकित विद्याशाळा होती. तिथली शिस्त कडक. प्रत्येक विद्यार्थ्याभोवती चटईचा आडोसा. शेजाऱ्याच्या कामाकडे नजर गेली की छडी, आणि त्याची चूक दाखवली तर वर ‘चोंबडा’ ही पदवी. सहा वर्षं हेच. सातव्या वर्षी गुरुजी चटया उचलायला लावत, चौघाचौघांना एकत्र बसवत आणि म्हणत, “आता एकजुटीनं नाव बांधा.” एवढं सांगून ते जेवायला निघून जात.

त्या वर्षी एका चौकडीत एक हुशार मुलगी होती. एकाकडे तळाच्या फळ्या, दुसऱ्याकडे सुकाणू, तिसऱ्याकडे वल्ही आणि तिच्याकडे सांधे. फळ्यांमधल्या फटींत तेला-राळेत भिजवलेला कापूस ठासायचा, हे तिचं काम. गुण मात्र ज्याच्या त्याच्या कामाला वेगळे. पहिला येईल त्याला राजाच्या गोदीत जागा. तिला ती हवीच होती.

एके दुपारी कापूस ठासताना तिची मोगरी एका फळीवर पडली. फळी भद्द वाजली आणि खाली पिठासारखा भुसा सांडला.

“अरे, ही फळी आतून पोखरलीय,” ती म्हणाली.

फळीवाला उसळला. “तुला कुणी विचारलं? तू आपल्या फटी बुजव.”

“ऐक तरी. स्वतः ठोकून बघ.”

“पहिलं यायचंय ना तुला? म्हणून माझ्या कामाला नावं ठेवतेस, चोंबडे!”

तिने सुकाणूवाल्याकडे पाहिलं. “मला त्यात ओढू नका बाई,” तो म्हणाला, “माझं सुकाणू झालंय.” वल्हीवाला तर फिरकलाच नव्हता, त्याची वल्ही त्याच्या मामाने करून पाठवली होती.

ती तरातरा गुरुजींकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली. चोंबडी म्हणून आपलेच गुण कापले तर? शिवाय फळी फुटली तर गुण त्याचे जातील, आपल्या सांध्यांचं काय बिघडतंय? ती परत फिरली. भुसा पायाने सारला आणि सांधा ठासला. वरून रंग चढला तशी नाव नवरीसारखी दिसू लागली.

परीक्षेची पहिली फेरी रीतीप्रमाणे गावच्या नावाड्याने करायची. पाणी दोन्ही काठ धरून चाललं होतं. “चौघांची अक्कल आहे हिच्यात,” नावाडी हसत म्हणाला, “बुडेल कशी?”

मुलीच्या ओठांवर शब्द आला. तिने आजूबाजूला पाहिलं. तिघेही आपापल्या कामाकडे टक लावून बघत होते. तिने शब्द गिळला.

भर धारेत फळी फुटली आणि नाव उलटली. नावाडी तिसऱ्या दिवशी सापडला, दोन कोस खाली.

फुटका तळ काठाला लागला, तेव्हा गुरुजींनी तो वाकून तपासला. फळीवाला नापास झाला. सांधे मात्र तसेच घट्ट होते.

“सांध्यांना पैकीच्या पैकी,” गुरुजी म्हणाले. “गोदीत तू जा, बाळ.”

“गुरुजी, फळी किडकी आहे हे मला माहीत होतं.”

“मग बोलली का नाहीस? मी तुम्हाला एकत्र बसवलं होतं ना?”

“बसवलंत. पण एकमेकांना सांगायचं कसं, एकमेकांचं ऐकायचं कसं, हे कधी शिकवलंत?”

“तोंड वर करून मलाच विचारतेस?” गुरुजी कडाडले. फळीवाल्याने सुकाणूवाल्याला मध्ये ओढलं, सुकाणूवाल्याने मुलीकडे बोट दाखवलं. एकच गलका झाला.

नावाड्याची बायको तिथेच वाळूत बसली होती. तिने मान वर केली.

“भांडा निवांत,” ती म्हणाली. “ज्याला सांगायचं होतं, तो आता ऐकायला नाही.”

तात्पर्य, आणि हे मुलांच्या आधी त्यांच्या मास्तरांना ऐकवा: चौघांना एका जागी बसवलं म्हणजे त्यांना एकत्र काम करायला शिकवलं असं होत नाही, आणि आपलं काम चोख ठेवून शेजारची कीड मुकाट्याने पाहणारा, हा बुडवणाऱ्यांतलाच एक असतो.