हैबतीची डावी काठी

पुष्कळ वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या पणजोबांचेही पणजोबा रांगत होते तेव्हा, नदीकाठच्या एका गावाला काठी-चेंडूचं भारी वेड होतं. टोकाला वाकलेल्या काठीने चेंडू पळवायचा आणि समोरच्यांच्या वेशीत घालायचा, एवढाच खेळ. पण त्यापायी शेजारची गावं एकमेकांशी वर्षवर्ष बोलत नसत.

या गावाची एक रीत होती. मूल सात वर्षांचं झालं की खेळ शिकवणारे वस्ताद त्याला रानात नेत, फांदी निवडत आणि वाफेवर तापवून तिला त्याच्या हाताला येईल असा वाक देत. वाक एकदाच द्यायचा. दुसऱ्यांदा वाकवलेली काठी वरून धड दिसते, पण आतून गेलेली असते, असं वस्ताद बजावून सांगत.

हैबती डावखुरा निघाला. त्याची काठी उलट्या अंगाला वळवावी लागली. पण दहाव्या वर्षीच तो असा खेळू लागला, की डावीकडून निघालेला हैबती समोरच्यांना थेट वेशीपाशीच दिसायचा. गावाने लगेच ठरवून टाकलं, हा राजाच्या चमूत जाणार. बायका त्याच्या आईला राजवाड्यातल्या गोष्टी विचारू लागल्या, आणि आईही कालच जाऊन आल्यासारखी सांगू लागली.

हैबती सतरा वर्षांचा झाला त्या साली कुंभाराचा बयाजी पुढे आला. अंगाने दांडगा. उजवीकडून असा टोला हाणायचा की चेंडू निम्मं मैदान ओलांडून जाई. लोक पागोटी उडवत. हैबतीच्या खेळात असला आवाज नव्हता.

झालं, हैबतीच्या पोटात दुखू लागलं. बयाजीला कुणी तांब्याभर पाणी दिलं तरी याला वाटे, माझ्या वाटचं दिलं. सरावात स्वतःचं खेळणं सोडून तो बयाजीकडेच बघत बसे. बयाजीच्या मनात काहीच नव्हतं. तो उलट हैबतीकडे येऊन, दादा, ती डावीकडची चाल मलाही दाखव, म्हणून मागे लागे. हैबतीला वाटे, हा आपल्याला चिडवतोय.

अशात दवंडी आली. राजाचा पारखी आठ दिवसांनी खेळ बघायला येणार होता. हैबती तडक वस्तादांकडे गेला आणि काठी उजवीकडे वळवून द्या म्हणाला.

वस्तादांनी विचारलं, "तुझ्या हाताला काय झालं?"

"हात ठीक आहे. पण बयाजीला मिळतं ते मला मिळत नाही."

"मग तुला येतं ते तरी त्याला कुठे येतं?"

हैबती उठून चालता झाला. घरी चुलीवर पाणी उकळून त्याने स्वतःच काठी वाफवली आणि उजवीकडे वाकवली. आता ती हुबेहूब बयाजीच्या काठीसारखी दिसत होती. कित्येक महिन्यांनी त्याला बरं वाटलं.

खेळाच्या दिवशी बयाजीने दोनदा चेंडू हैबतीच्या डाव्या अंगाला सारला, कारण तिथून हैबती कधी चुकत नसे. दोन्ही वेळा चेंडू निसटला. तिसऱ्या वेळी हैबतीने उजवीकडून, अगदी बयाजीसारखा, सगळं बळ लावून टोला हाणला. काठी कडकन मोडली. चेंडू जागीच राहिला आणि तुकडा वेशीत जाऊन पडला.

पारख्याने कुणालाच निवडलं नाही. बयाजीलाही नाही. खोटं कशाला सांगू, हैबतीला त्याचा आनंदच झाला. तो आनंद पारखी घोड्यावर बसेपर्यंत टिकला.

लगाम हाती घेऊन पारखी म्हणाला, "राजाकडे उजवीकडून टोले हाणणारे सतरा जण आहेत. डावीकडून चेंडू नेणारा एकही नाही. तसा एक इथे आहे असं ऐकून तीन दिवस वाट तुडवत आलो होतो. कोण होता तो?"

सगळा गाव हैबतीकडे बघू लागला.

हैबती खाली मान घालून म्हणाला, "होता एक."

पारखी निघून गेला, तो त्या गावाला पुन्हा कधी आला नाही.

तेव्हा मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्याच्या कौतुकावर जळणारा माणूस आधी स्वतःजवळचं मोलाचं घालवून बसतो.