वासाची वाट

फार पूर्वी, पाटाच्या बांधात मुंग्यांचं एक वारूळ होतं. पाटाला पाणी सुटणार असं कळलं, तेव्हा अंड्यांसाठी कोरडी जागा शोधायचं काम राई नावाच्या मुंगीवर आलं.

बांधावरून बाभळीच्या झाडाकडे वासाची एक वाट जात होती. येणारीजाणारी प्रत्येक मुंगी तिच्यावर आपला वास ठेवून जाई. राईने ती हुंगली आणि लगेच परतून सांगितलं, "बाभळीच्या ढोलीत कोरडी जागा आहे."

"तू पाहिलीस?" थोरल्या मुंगीने विचारलं.

"वाटच सांगते ना, आजी. केवढा दाट वास आहे."

"अर्ध्यातून परतणारीही वास ठेवतेच की गं. ढोलीत कोण शिरलं होतं?"

राई पुन्हा निघाली.

"हिंडा राईबाई," मागून एक जण म्हणाली, "तोवर आमची अंडी पोहायला शिकतील."

राई थांबली नाही. अर्ध्या वाटेनंतर वास विरळ होत गेला, तरी ती चालत राहिली. ढोलीत शिरली, तर आत ओल होती. मग ती खोडावर आणखी वर चढली. तिथे एक भेग होती. ती तळापर्यंत उतरून चाचपून आली.

"ढोली ओली आहे," तिने परतल्यावर सांगितलं. "वरची भेग कोरडी आहे. मी आत जाऊन आले."

"म्हणजे वाट खोटारडीच," मघाची मुंगी म्हणाली.

"नाही गं. बाभळीपर्यंत तिनेच नेलं मला. आत मात्र मलाच जावं लागलं."

थोरलीने पहिलं अंडं उचललं.